बोडीच्या पाळीवरची शंभर टक्के प्रगती

मूल किती शिकलं हे काटेकोरपणे मोजल्याखेरीज शिक्षणाला दिशा मिळत नाही, अशी माझी श्रद्धा आहे. आमच्या शाळेत मात्र मोजण्याआधी रेंज कुठे मिळते ते शोधावं लागतं.

दवनीवाड्याच्या पलीकडची आमची शाळा दोनशिक्षकी. चार वर्ग आम्ही दोघं सांभाळतो. त्या वर्षी तिसरीतली एक मुलगी वाचनात फार मागे होती. घरी पोवारी बोली, शाळेत पुस्तकातली मराठी. दोन्हींच्या मध्ये ती अडकली होती. अशा मुलांसाठी गावातलीच डी.एड. झालेली एक ताई सकाळी तासभर वेगळा वर्ग घ्यायची. त्या आठवड्यात मुलीनं ‘बदक’ हा शब्द कोणाच्या मदतीशिवाय वाचला होता आणि दिवसभर ती तो सगळ्यांना वाचून दाखवत होती. नियम एवढाच, की शाळेत ‘अप्रगत’ मूल असेल तोवरच ताईचा वर्ग चालेल.

मग मंगळवारी मुलांचं वाचन तपासायला जिल्ह्याहून पडताळणीचे साहेब आले. वाचायचा उतारा आधीच फुटू नये म्हणून तो ऐनवेळी थेट टॅबवर येणार होता. वर्गात टॅबवर नुसतं चक्र फिरत राहिलं.

“गुरुजी, इथं रेंज कुठं मिळते?”

“बोडीच्या पाळीवर, सर.”

गावतळ्याच्या त्या बांधावर खुर्ची गेली, साहेब गेले, मागोमाग मुलांची रांग. कासवाच्या सहलीचा उतारा उतरला. पहिल्या मुलानं एक ओळ वाचली. आमच्याकडे एकानं वाचलं की बाकीच्यांनी पाठोपाठ म्हणायचं, ही पहिलीपासूनची सवय. रांगेनं ती ओळ एका सुरात म्हटली. मी त्यांना गप्प करायला उठलो.

“राहू द्या,” साहेब म्हणाले. “उत्साह आहे मुलांमध्ये.”

चार-पाच मुलं होईतो उतारा अख्ख्या तळ्याला पाठ झाला. खाली दगडावर कपडे आपटणारी त्या मुलीची आई ओरडली, “गुरुजी, आता तं मलेही येऊन राह्यला! माहाही नंबर लावा!”

मुलीचा नंबर आला. तिनं टॅबकडे एकदा आदरानं पाहिलं, मग नजर म्हशीच्या पाठीवरच्या बगळ्यावर ठेवली आणि उतारा धडाधड म्हटला. मध्येच टॅबचा पडदा काळा झाला. ती थांबली नाही.

“अस्खलित!” साहेबांनी शेरा दिला.

“सर, तिला ऐकून पाठ झालाय. दुसरा उतारा द्या.”

“कमाल आहे, गुरुजी. आपल्याच शाळेची प्रगती तुम्हाला बघवत नाही?” मग जरा हळू आवाजात, “आणि बॅटरी संपत आली आहे.”

मी हरकत नोंदवा म्हणालो. टॅबवर हरकतीसाठी जागा नव्हती.

शाळा शंभर टक्के प्रगत ठरली. फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर साहेब समोरून होते, मुलं पाठमोरी. ताईला उद्यापासून येऊ नका, असा निरोप गेला.

दोन दिवसांनी मुलीची आई शाळेत आली.

“गुरुजी, पोरीचा तास काऊन बंद केला जी? थे सकाळपासून दप्तर घेऊन ताईच्या दारात बसून राह्यली.”

“आता त्या वर्गाची गरज नाही, बाई. तुमची मुलगी प्रगत झाली.”

“कवा?”

“मंगळवारी,” मी म्हणालो. “जेवणाच्या सुट्टीआधी.”