पाटावरचं कार्ड

नाशिकरोडच्या बाईंमुळे माझं काम टिकलं. हे आधी लिहून टाकतो, मग बाकीचं. कारण बाकीचं आठवायला लागलो की माणूस बाजूला राहतो, नुसती मशीनं आणि वायरी डोळ्यांपुढे येतात. तसं व्हायला नको.

बाई म्हणजे आयटीआयमधून निवृत्त झालेल्या निदेशिका. इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. स्टेशनच्या मागच्या बाजूला एका कॉलनीत तळमजल्यावर एकट्या राहतात. पुढच्या खोलीत बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि खाली भिंतीला लावून ठेवलेले जुने कॉम्प्युटर. भंगारवाल्याला द्यायला त्यांचं मन होत नाही. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. माझी शाळा नववीतच सुटली. भंडाऱ्याकडचा मी. गावातल्या एका ओळखीच्याच्या मागे मागे नाशिकच्या सातपूरला आलो आणि इथलाच झालो. झालो म्हणजे काय, राहतो.

सातपूरला साचे बनवणाऱ्या एका छोट्या टूलरूममध्ये मी वायरकट चालवतो. तारेला वीज देऊन तिच्या ठिणगीने पोलाद कापायचं मशीन. केसाहून थोडी जाड तार, पण लोण्यातून दोरा जावा तशी जाते, फक्त फार हळू. तारेने कुठे वळायचं हे शेजारचा कॉम्प्युटर सांगतो. तो कॉम्प्युटर माझ्या लग्नाच्याही आधीचा. मूळचा पांढरा असावा, आता पिकल्या केळ्यासारखा. त्याच्या आत मशीन चालवणारं एक जुनं कार्ड बसवलेलं आहे आणि ते कार्ड आजच्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये बसत नाही. म्हणून कॉम्प्युटर बदलता येत नाही. कॉम्प्युटर मेला की मशीन मेलं.

आणि मशीन मेलं की मी. दुसरं कुठलंही मशीन मला येत नाही. दुसरीकडे विचारायला गेलो की पहिला प्रश्न सर्टिफिकेटचा. शेठने तर सरळच सांगून ठेवलं होतं, "हा डबा चालतोय तोवर चालव. बसला की वायरकट भंगारात. जॉबचे तुकडे बाहेरून कापून आणू." शेठ वाईट माणूस नाही. हिशेबाचा माणूस आहे. पण त्याच्या हिशेबात मी त्या डब्याला जोडलेला होतो.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता डबा वाजायला लागला. आतली हार्ड डिस्क टक, टक करायची आणि मग थांबायची. रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी जायचो, बटण दाबायचो आणि डब्याला कान लावून उभा राहायचो. छातीला कान लावून तापाच्या लेकराचा श्वास ऐकावा तसा. एकदा शेठने पाहिलं.

"काय रे, काय म्हणतोय?"

"काही नाही जी. चालू होतोय."

"मग तू काय ऐकतोय?"

मी फडकं घेऊन मशीन पुसायला लागलो.

शहरातल्या दुकानात डिस्क दाखवली तर काउंटरवरचा हसला. म्हणाला, "काका, याचे पार्ट आता मिळत नाहीत. घरी शोकेसमध्ये ठेवा." मी काका वगैरे नव्हतो अजून. पण जाताना त्यानेच सांगितलं, नाशिकरोडला एक बाई आहेत, असल्या जुन्या वस्तू जपून ठेवतात. तेवढ्यासाठी त्याचंही चांगलं होवो.

कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी गेलो. बाईंनी दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "जेवलास का?" मी हो म्हटलं. नव्हतो जेवलो. त्यांनी ताट वाढलंच.

जेवताना त्यांनी समजावलं. जुनी डिस्क आता शोधायची नाही, नवीन छोटी डिस्क घ्यायची, आजकाल लॅपटॉपमध्ये असते तसली, फिरणारं काही नसलेली. पण जुन्या कॉम्प्युटरला ती लावायला जागाच नाही. त्यासाठी बाजारात एक कार्ड मिळतं, अगदी स्वस्त. कार्ड एका खाचेत बसवायचं, डिस्क कार्डाला जोडायची.

"मग झालंच की जी."

"नाही झालं. त्या कार्डात एक छोटी चिप असते. तिच्यात लिहिलेलं असतं डिस्कशी कसं बोलायचं ते. पण ते लिहिलंय चार-चार डिस्क एकत्र बांधणाऱ्यांसाठी. तुझ्या म्हाताऱ्या डब्याला ते झेपायचं नाही. ते पुसून साधं लिहायचं. याला फ्लॅश करणं म्हणतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाशिकला येऊन इतकी वर्षं झाली तरी जी सुटलं नाही तुझं."

"सुटत नाही जी."

त्या हसल्या. मीही हसलो, पण माझं लक्ष 'पुसून' या शब्दावर अडकलं होतं. पुसलं आणि नवीन लिहिताना लाइट गेली तर? विचारलं. त्या म्हणाल्या, "तर कार्ड गेलं असं समज. म्हणून आधी यूपीएस लावायचा, आणि जुनं आहे ते वाचून त्याची कॉपी ठेवायची. घाबरणारा माणूस या कामाला चांगला. न घाबरणाऱ्यांनी माझी कितीतरी कार्डं मारली आहेत."

पुढच्या सुट्टीला कार्ड, नवी डिस्क आणि डब्यातून काढलेली जुनी डिस्क घेऊन गेलो. मला वाटलं होतं बाई करतील आणि मी बघेन. त्यांनी हात पुढे करून दाखवला. बोटं थरथरत होती, थंडीत थरथरावीत तशी. "टाइप करताना एखादं अक्षर दोनदा पडतं माझं. तू बस."

त्यांच्या एका जुन्या कॉम्प्युटरपुढे मी बसलो. त्या एकेक अक्षर सांगत होत्या, मी एकेका बोटाने दाबत होतो. इंग्रजी मला वाचता येतं, पण पाटी वाचावी तसं, थांबून थांबून. शेवटचं बटण दाबायच्या आधी मी विचारलं, "बरोबर आहे ना जी?" त्यांनी चष्मा पुढे ओढून ओळ वाचली. "बरोबर आहे." मी परत विचारलं. त्यांनी परत वाचली. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, "अरे, आता मलाही भीती वाटायला लागली. दाब."

दाबलं. आकडे चढायला लागले. मध्येच थांबले. वर पंखा फिरत होता, मी त्याच्याकडे बघत होतो, तो फिरतोय म्हणजे लाइट आहे. मग आकडे पुन्हा चालले आणि शेवटी झालं म्हणून ओळ आली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तर पडद्यावर कार्डाची एक नवी ओळ, आणि तिच्याखाली नव्या डिस्कचं नाव. त्याच दिवशी जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवून घेतलं. उतरवून झालं आणि जुनी डिस्क कायमची थांबली. परत लावून पाहिली, फिरलीच नाही. बाई म्हणाल्या, "तुझ्यासाठीच थांबली होती बघ." आता मागे फिरायला रस्ता नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टूलरूममध्ये कार्ड बसवलं, डिस्क जोडली. डबा चालू झाला. टकटक नाही, काहीच आवाज नाही. शेठ म्हणाला, "बरं झालं. उद्या मुहूर्ताचा कट यावरच करू."

आमच्याकडे दसऱ्याला सगळी मशीनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पुजतात. पाटावर लाल कापड घालून त्यावर हत्यारं मांडतात, व्हर्नियर, पाने, मायक्रोमीटर. पूजा शेठची आई करते. निफाडकडची म्हातारी, आवाज कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला जाणारा. पूजेनंतर प्रत्येक मशीन थोडं तरी चालवायचं, एखादा तुकडा कापायचा, तो मुहूर्त. न चालवता घरी जायचं नाही.

म्हातारीने विचारलं, "औंदा नवीन काय आणलंय? ते ठेवा आधी पाटावर."

नवीन एकच होतं. मी डबा बंद करून कार्ड काढलं आणि पाटावर ठेवलं. तिने उलटसुलट करून पाहिलं. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, खाचेत तेवढाच भाग जातो आणि तिथूनच सगळं बोलणं होतं. म्हातारीला ते सोनं आवडलं. पाण्यात कालवलेलं हळदीकुंकू तिने पाची बोटांनी नेमकं त्या सोन्यावरच ओढलं, एक बोट कार्डाच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या पट्टीला लावलं, वरून अक्षता टाकल्या. मी हात जोडून उभा होतो. मनात आलं की ओलं आहे, पण सणाचं कुंकू पुसायचं कसं? वाळू दिलं आणि तसंच परत बसवलं.

आता लिहिताना हे सरळ दिसतं. त्या वेळी दिसलं नाही, खरंच नाही दिसलं.

बटण दाबलं. पडदा उजळला, पण कार्डाची ओळ आली नाही. डिस्क सापडत नाही, एवढंच. बंद केलं, चालू केलं. तेच. बाकीच्या मशीनांचे मुहूर्त झाले, पेढे वाटले गेले, आणि वायरकटपाशी मी एकटा. माझी खात्रीच झाली की चिपमध्ये मी काहीतरी चुकीचं लिहिलंय, एखादं अक्षर दोनदा पडलं असेल माझंही, ते आज उगवलं. शेठ हात पुसत आला.

"काय झालं?"

"बघतो जी."

"काल चालला होता ना?" तो पडद्याकडे बघत राहिला. "दिवाळीपर्यंत ठेवू म्हणत होतो. पण आता कशाला ओढायचं? तो भंगारवाला सोमवारी येणारच आहे."

रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला. गावी बायको आणि मुलगी असतात माझ्या, दसऱ्याचा फोन करायचा राहिला होता. तो करावासाच वाटेना. काय सांगणार होतो?

बाईंना फोन लावला. मागे बुद्धवंदना चालू होती. दसरा म्हणजे त्यांच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्या विहारात होत्या. मी म्हटलं, "बाई, कार्ड मेलं जी. मी परत फ्लॅश करून बघू का?"

"कशालाही हात लावू नकोस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पत्ता सांग."

वाटेत द्वारका चौकात गर्दी असणार, येतात की नाही, असं करत मी फाटकाशी उभा राहिलो. त्या रिक्षातून उतरल्या, विहारातल्या कार्यक्रमाची पांढरीशुभ्र साडी नेसलेल्या. आत आल्या, कुणाशी काही न बोलता डबा बंद करायला लावला आणि मला म्हणाल्या, "काढ कार्ड." मी काढलं. त्यांनी ते उजेडात धरलं.

"हे काय आहे रे? रक्त आलंय का याला?"

मग म्हातारीच पुढे झाली. "कुकू हाय त्ये. मी लावलंय."

"इथे?"

"मग कुठं? नव्या हत्याराला कुकू नाय लावायचं तर काय या पोराच्या कपाळाला लावू?"

"त्याला लावलं असतं तर चाललं असतं. तो तसाही बंदच पडलाय," बाई म्हणाल्या. शेठ हसला. मला हसू येईना, पण मी बाजूला होऊन बाईंना उजेडाची जागा करून दिली.

बाईंनी पर्समधून खोडरबर काढलं. म्हातारीने त्यांचा हात धरला. "सणाचं पुसू नका हो. आज पुसत नसत्यात."

"मी पुसते आजी. मला चालतं."

म्हातारीने त्यांच्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि हात सोडला. "तुमाला चालत असंल तर पुसा. पर पत्र्यावरलं एक बोट ऱ्हाऊ द्या."

"राहू देते."

बोटं थरथरत होती म्हणून कार्ड मी धरलं आणि त्यांनी रबर चालवलं. सोनं पुन्हा दिसायला लागलं. खाचेत ब्रश फिरवला तर तळाशी अक्षतेचा एक दाणा निघाला. म्हणजे कार्ड पुरतं खाली बसलंच नव्हतं. बाईंनी तो दाणा तळहातावर घेऊन मला दाखवला. "तुझं लिहिणं बरोबर होतं. तांदूळ आडवा आला."

कार्ड बसवलं. बटण दाबताना मी डोळे मिटले होते. शेठच म्हणाला, "आली बघ ओळ." डबा चालू झाला. मी पोलादाच्या एका पत्र्यात लहानसा चौकोन कापला. तार जात होती, ठिणग्या पडत होत्या, आणि तो तुकडा सुटून खाली पडेपर्यंत कुणीही तिथून हललं नाही. शेठने तो ओला तुकडा उचलून या हातातून त्या हातात केला.

"राहू दे मशीन," तो म्हणाला. "पण असं एक कार्ड अजून करून ठेव. तूच कर."

भंगारवाला सोमवारी आला आणि फक्त पत्र्याचे तुकडे घेऊन गेला. त्या दिवशी मी गावी फोन केला. दसऱ्याचा फोन उशिरा का, म्हणून बायको रुसली होती. ऐकायला फार बरं वाटलं.

माझी भीती गेली असं नाही. पूर्वी डबा वाजायचा म्हणून भ्यायचो. आता अजिबात वाजत नाही, तर जिवंत आहे की नाही ते कळत नाही, त्याची भीती. दुसरं कार्ड तयार आहे, तिसरंही केलंय.

त्या दुपारी चहा घेताना मी बाईंना म्हटलं होतं, माझ्यामुळे तुमचा कार्यक्रम राहिला. त्या म्हणाल्या, "दरवर्षी असतो. एकदा नागपूरला जायचंय दीक्षाभूमीवर. दरवर्षी ठरवते. आता एवढ्या गर्दीत एकटीला जमायचं नाही." आणि बशीत चहा ओतून पिऊ लागल्या, जसं काही विशेष बोलल्याच नाहीत.

नागपूर माझ्या वाटेवर आहे. गावी जाताना मी तिथेच उतरतो. एका दसऱ्याला शेठकडे सुट्टी मागेन, मुहूर्त दुसऱ्या कुणाला तरी करू दे, आणि बाईंना नाशिकरोडहून गाडीत बसवून नेईन. खिडकीची जागा त्यांना, पिशवी माझ्या खांद्यावर. गर्दीत त्यांचा हात धरून पुढे चालेन, दर्शन घडवेन, मग माझ्या घरी नेऊन बायकोच्या हातचं जेवू घालेन. औंदा जमलं नाही. पुढच्या खेपेला नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. पण नेणार, हे मी बाईंना अजून सांगितलं नाही, इथे लिहून देतो.