लेकीच्या रिसेप्शनला मी बोलले

डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद टेबलावर पालथा ठेवला, तेव्हाच मला कळलं. चांगल्या बातमीचा कागद कोणी पालथा ठेवत नाही. चंद्रपूरच्या दवाखान्यातले हे तोंडाचे डॉक्टर, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. आधी त्यांनी पाणी हवं का विचारलं. मग म्हणाले, "बाई, बायोप्सीत कॅन्सर आला आहे. डाव्या गालाच्या आतून. ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर."

बायोप्सी म्हणजे दुखऱ्या जागेचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवणं. तो आठ दिवसांपूर्वी काढला होता.

डॉक्टर पुढं सांगत राहिले, पण मला नीट ऐकू येईना. खिडकीबाहेर कडुलिंबावर ऊन पडलं होतं. मी त्या उन्हाकडं पाहत होते आणि मनात एकच चाललं होतं, वैशाखात प्रणालीचं लगन आहे.

प्रणाली माझी एकुलती एक लेक. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळीआधीच झाला होता. मुलगा बल्लारपूरचा, कागद कारखान्यात नोकरीला, आणि त्याचे वडील शाळेत मास्तर. साक्षगंधाच्या दिवशी मास्तर म्हणाले होते की रिसेप्शनला पुढाऱ्यांची भाषणं नकोत, दोन्हीकडून आईबापांपैकी एकानं बोलायचं. आमच्या घरून कोण बोलणार हा प्रश्नच नव्हता. माझा नवरा मारोती गावच्या तलावात मासे धरतो आणि बोलायची पाळी आली की जाळं दुरुस्त करायला बसतो. मी मात्र सिंदेवाहीजवळच्या खेड्यातली अंगणवाडीची बाई. ग्रामसभेत माझ्यापुढं भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

"डॉक्टर, मले बोलता येईन ना?" मी विचारलं.

"आधी तुम्ही राहायला पाहिजे, बाई," ते म्हणाले. "बोलण्याचं नंतर पाहू."

परतीच्या बसमध्ये प्रणाली माझ्या शेजारी होती. मूल गावाच्या अलीकडं रस्ता जंगलात शिरला, उजेड हिरवा झाला. मग खिडकीकडं तोंड करूनच म्हणाली, "आई, ती डबी मीच तं आणून देत होती."

डबी गुडाखूची. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा, मऊ लगदा. आमच्याकडच्या बाया सकाळी बोटावर घेऊन तो दातांना घासतात आणि याला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. मला माझ्या आईनं दाढ दुखली तेव्हा दिला, मी नववीत होते. पुढं प्रणाली पाच वर्षांची झाली तशी डबी आणायला तिलाच दुकानात पिटाळायचे. ती उड्या मारत जायची.

आणि माझी अक्कल पाहा. अंगणवाडीत गरोदर बायांना तंबाखूचे तोटे मीच समजावून सांगायची, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून. त्याच बोटाला सकाळचा गुडाखू लागलेला असायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच. गालात पांढरा चट्टा आला, मग फोड झाला, तर मी त्या फोडावरच गुडाखू लावू लागले. त्यानं जागा बधिर होते ना. दुखतं म्हणून लावायची आणि लावते म्हणून फोड वाढायचा, असे सहा महिने गेले. तुमच्यापैकी कोणाच्या तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नसेल, तर हे वाचणं इथंच थांबवा आणि दवाखान्यात जा. बाकीचं मागून वाचा.

त्या दिवसापासून प्रणाली बदलली. आम्हा मायलेकींचं रोज वाजायचं. भाजीत मीठ, तिचा मोबाइल, माझी बडबड, कशावरूनही. ते सारं बंद झालं. मी म्हणेन त्याला "हो आई". मी उगाच चिडले तरी "हो आई". मी तिला दहादा सांगितलं की यात तुझा काय दोष, तू लेकरू होतीस. त्यालाही ती "हो आई"च म्हणायची, आणि तिच्या डोळ्यांत मला दिसायचं की पोरीनं एक शब्द मानला नाही. कॅन्सरपेक्षा मला त्याचीच भीती वाटू लागली. हे ओझं घेऊन ती दुसऱ्याच्या घरी जाणार होती.

धान कापणी संपता संपता ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग, खालच्या जबड्याचा तुकडा आणि चार दाढा काढल्या. मानेतल्या गाठीही काढल्या. मांडीचं कातडं आणि मांस घेऊन गालाला आतून ठिगळ लावलं, त्याला फ्लॅप म्हणतात. ते ठिगळ जिवंत आहे का हे पाहायला नर्स घडीघडी येऊन त्याला सुई टोचायची. लाल रक्त आलं की तिचा चेहरा उजळायचा. मला टोचलेलं कळायचं नाही, फक्त तिचा चेहरा दिसायचा.

जेवण नाकातल्या नळीतून. तिला रायल्स ट्यूब म्हणतात. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून दुसरी नळी बसवली होती, ती ट्रॅकिओस्टॉमी. ती असेपर्यंत आवाजच फुटत नाही. घाबरू नका, बहुतेकांची ती काही दिवसांत काढतात. मलाही हे आधी सांगितलं होतं, पण औषधांच्या गुंगीत विसरायला व्हायचं. मी मारोतीला हाका मारायची आणि खोलीत काहीच ऐकू यायचं नाही.

प्रणालीनं मला पाटी आणून दिली होती. एकदा मी त्या पाटीवर लिहिलं, "डबी माझी होती. तू पोर होतीस." तिनं वाचलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि विचारलं, "पाय चेपून देऊ का?"

तेव्हाचे दिवस मला सरळ रांगेत आठवत नाहीत. पडद्यामागून उजेड यायचा आणि जायचा. झोपेत मात्र माझं तोंड साफ बोलायचं. मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, उभी असायची, हातात माईक, आणि पाण्यात कंबरेएवढे उभे असलेले पाहुणे शांतपणे ऐकत असायचे. कमळाच्या पानांमधून त्यांचे फेटे दिसायचे. मी लांबलचक, सुंदर बोलायची. जाग आली की त्यातला एकही शब्द हाती उरत नसे, पण छातीत गोड वाटत राहायचं.

संक्रांतीनंतर रेडिएशन सुरू झालं. म्हणजे शेक, पण आगीचा नव्हे, यंत्रातल्या किरणांचा. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर आधी प्लास्टिकचा गरम, मऊ पत्रा ठेवून त्याचा मुखवटा करतात. थंड झाला की तो कडक होतो, आणि रोज तो चेहऱ्यावर घालून टेबलाला अडकवून टाकतात. त्याला भोकं असतात. पहिल्या दिवशी मी मारोतीच्या जाळ्यातली मासोळी झाले. दुसऱ्या दिवशी ठरवलं की एवढी मिनिटं हलता येत नाही, बोलता येत नाही, तर आपण भाषणाची तयारी करू. यंत्र गुणगुणायचं आणि मी आतल्या आत सुरू करायची, उपस्थित पाहुणेमंडळी.

तिथंच, मुखवट्याखाली, मला ते सुचलं. आमच्या गावात चुकीची गोष्ट घरात मिटत नाही. दोघांचं कितीही समजूतदारपणानं बोलणं झालं तरी मिटत नाही. ज्याची चूक असेल त्यानं चार लोकांत उभं राहून म्हणावं लागतं की चूक माझी. मग विषय संपला, पुन्हा तो कोणी काढायचा नाही. बांधाची भांडणं, भावाभावांची भांडणं अशीच संपलेली मी पाहिली आहेत. मी लेकीला हजारदा सांगितलं होतं, पण घरात. पाटीवरही घरातल्यासारखंच. प्रणालीही याच गावात वाढलेली. चार लोकांत बोलल्याशिवाय तिच्या मनाला ते खरं वाटणार नव्हतं. आणि तिच्यासमोर चार लोकांत बोलायची संधी आता एकदाच येणार होती, रिसेप्शनला.

पण तोंड? शेकानं आतून सोलवटून निघालं होतं. याला म्युकोसायटिस म्हणतात, तो हळूहळू भरतो. थुंकी दाट होते आणि बधिर ओठातून गळते. जबडा आवळतो, त्याला ट्रिस्मस. तो उघडा राहावा म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून व्यायाम करायचा, रोज, कंटाळा न करता. पहिल्यांदा बोलले तेव्हा मारोतीनं चहा आणून दिला. मी पंखा लाव म्हणाले होते.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा मी अंगणवाडीत जाऊ लागले. सकाळी गाव त्या गोड वासात बुडालेलं असायचं, बाया टोपल्या घेऊन जंगलातून परतत असायच्या, आणि मी पदरानं लाळ पुसत लेकरांच्या पुढं उभी राहायची. मोठी माणसं माझं बोलणं ऐकताना कपाळाला आठ्या घालायची. या तीन-चार वर्षांच्या लेकरांना मात्र सगळं कळायचं. त्यांचं स्वतःचं बोलणं तरी कुठं साफ होतं? मी गाणं म्हणायची, ती माझ्यामागून म्हणायची. महिनाभरानं एक आई तक्रार घेऊन आली, "बाई, माहं पोरगं तुमच्यासारखं बोलून राह्यलं." मी माफी मागितली आणि घरी येऊन पोट धरून हसले. आजारानंतर पहिल्यांदा.

लगन आमच्या गावी झालं. दुसऱ्या दिवशी बल्लारपूरला रिसेप्शन. संध्याकाळ होती, लॉनवर पाणी शिंपडलेलं, दिवे नुकतेच लागलेले. दमल्यामुळं मला सगळं जरा दूरचं दिसत होतं, पाण्याखालचं असावं तसं. मास्तरांनी, म्हणजे आमच्या इवायांनी, मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की ताई, तुम्ही नाही बोललात तरी चालेल, कोणी काही म्हणणार नाही. मारोतीनं माझा हात धरला. "मी बोलतो," तो म्हणाला. आयुष्यात माईकला हात न लावलेला माणूस. तेव्हा मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही, इथं लिहिते: माझा नवरा फार चांगला आहे.

मी माईक घेतला. पहिलं वाक्य बोलले आणि लाळ हनुवटीवर आली. साउंडवाला धावत आला. माझ्या हातून माईक घेऊन त्यानं त्यावर टकटक केलं, हॅलो हॅलो म्हणून पाहिलं, वायर हलवली आणि गोंधळून माझ्याकडं पाहिलं.

"माईक ठीक हाये, भाऊ," मी म्हणाले. "तोंडच असं हाये."

त्याला कळायला दोनदा सांगावं लागलं. मग समोर कोणीतरी हसलं, मीही हसले, आणि सगळं लॉन हसलं. त्यानंतर भीती राहिली नाही.

मी एकेक शब्द वेगळा काढून बोलले, अंगणवाडीत बोलते तसं. तलावाच्या पाळीवरचं सुंदर भाषण आठवलं नाही, आठवायची गरजही पडली नाही. मी म्हणाले, "मले गुडाखूनं कॅन्सर झाला. डबी माही होती. पोरगी दुकानात गेली, कारण मी तिले धाडलं. ती पाच वर्साची होती. चूक माही. तुमी चार लोक आहात, म्हणून इथी सांगतो. आता हे कोणी काढाचं नाई. तिनंबी नाई."

किती जणांना कळलं कोण जाणे. मागच्या रांगेतले तर आशीर्वाद समजून टाळ्या वाजवायला लागले. मी प्रणालीकडं पाहिलं. ती सोफ्यावर मान खाली घालून बसली होती. बांगड्यांचे हात मांडीवर गच्च धरले होते. नवरदेव तिच्याकडं वाकून काही विचारत होता. मग तिनं डोळे पुसले, काजळ गालभर झालं, आणि ती उठून, शालू सावरत, फोटोवाल्यांना बाजूला सारत थेट माझ्याकडं आली. तिनं माझ्या हातून माईक काढून घेतला.

"लगनात कोणी असं बोलते का?" ती म्हणाली. "माहा सारा मेकअप गेला. अन् तू जेवली काऊन नाई अजून? तुह्यासाठी मऊ भात सांगून ठेवला होता, तो थंडा होऊन राह्यला. एक गोष्ट आयकत नाई माही."

सहा महिन्यांनी माझी लेक माझ्यावर चिडली होती. मी काही बोलायला गेले तर तिनं आणखी झापलं, आधी जेव म्हणाली. मारोती बाजूला उभा राहून हसत होता. मी भातावर वरण घेतलं, बारीक घास केले आणि उजव्या बाजूनं हळूहळू चावू लागले. चव अजून पुरती आलेली नव्हती. पण मला वाचवणाऱ्या डॉक्टरांचे, सुई टोचणाऱ्या त्या नर्सचे आणि माझ्यासारखं बोलणाऱ्या लेकरांचे मनात आभार मानत मी सगळा भात संपवला, कारण प्रणाली समोर कंबरेवर हात ठेवून उभी होती.