ताईच्या स्कूटरचा विमा

गाडीचा विमा आपल्यासाठी नसतो, आपल्या गाडीखाली येणाऱ्यासाठी असतो. हे वाक्य मी स्वतः पत्रकावर ठळक छापून घेतलं होतं आणि नगरच्या एसटी स्टँडबाहेर उन्हात उभी राहून वाटलं होतं. रस्त्यावर जखमी होणाऱ्यांच्या भरपाईसाठी भांडणारं आमचं छोटं मंडळ आहे. लोक पत्रक घेतात आणि त्यात भेळ खातात. खाऊ द्या, भेळ संपल्यावर तरी वाचतील. पण माझ्या स्वतःच्या घरातली स्कूटर एका मेलेल्या माणसाच्या विम्यावर रस्त्यानं पळत होती.

ते माणूस म्हणजे माझी ताई. ती तापानं गेली. अपघातानं नाही, हे आधीच सांगते, कारण स्कूटर म्हटलं की लोक तेच विचारतात. ती राहुरीत एका मेडिकलच्या दुकानात कामाला होती आणि स्कूटर तिनं स्वतःच्या पगारातून घेतली होती. देवळाली प्रवराच्या आमच्या वस्तीवर पोरीनं घेतलेली ती पहिली गाडी. ती गेल्यावर स्कूटर पत्र्याच्या शेडमध्ये बरेच महिने तशीच उभी होती. मग वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, गुडघा गेला. मोटारसायकलला किक मारवेना, म्हणून त्यांनी ती विकली आणि दुधाचे कॅन घेऊन डेअरीला स्कूटरवर जायला लागले.

रोज सकाळी तोच आवाज दारात येऊन थांबायचा. आई चुलीपाशी भाकरी थापत असायची. आवाज थांबला की तिचा हातही थांबायचा. मग अण्णांचा खोकला ऐकू यायचा आणि हात पुन्हा चालायला लागायचा.  थोड्या दिवसांनी अण्णा गाडी गोठ्यापाशीच बंद करायला लागले आणि तिथून कॅन हातात घेऊन लंगडत घरापर्यंत यायचे.

मी ती स्कूटर एकदाच चालवली. दळण आणायला गेले होते. गिरणीवाल्यानं मला लांबून पाहिलं आणि हात वर केला. मी जवळ गेले तसा तो हात अर्ध्यातच खाली आला. पीठ डब्यात भरताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानंतर मी दळण डोक्यावर आणायचे.

गेल्या गळीत हंगामात अण्णांची गाडी एका बाईला लागली. ऊसतोडीला आलेली, पाथर्डीकडची बाई. डोक्यावर वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन कडेनं चालली होती. समोरून उसाची ट्रॉली आली, अण्णा कडेला दबले आणि बाई भाऱ्यासकट खाली पडली. मी आता नगरला राहते, पण त्या दिवशी घरी आले होते. संध्याकाळी तिच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर, गेले. मनगट टम्म सुजलं होतं आणि बाई एका हातानं पीठ मळत होती.

"तुमी कशाला आलात? काय न्हाई झालं."

"झालंय. दवाखान्यात चला. खर्च आमचा, आणि हाड मोडलं असेल तर भरपाई. गाडीला विमा आहे, तो तुमच्यासाठीच असतो. हक्क आहे तुमचा."

तिचा नवरा बाहेर कोयता घासत बसला होता. त्यानं आत डोकं घातलं. "ऐक गं, पडलीस तर विम्याच्या गाडीखाली पडलीस. नशीबवान हाईस."

बाई खुदकन हसली. मला हसू आलं नाही. कारण मी बोलले ते पत्रकातलं बोलले होते, विम्याचा कागद अजून पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हाड शाबूत निघालं. पण नसतं निघालं तर? घरी येऊन मी डिकी उघडली. आत ताईची केसांची पिन होती, एक वाळलेली लिंबाची फोड होती आणि प्लास्टिकच्या पिशवीत विमा होता. मुदत चालू. हप्ता भरलेला. मालक म्हणून ताईचं नाव. खाली मालकाच्या स्वतःच्या अपघाती मृत्यूच्या विम्याची वेगळी ओळ, तिचे वेगळे पैसे आणि ते मिळणार कोणाला, तर आईला. मेलेली माणसं रस्त्यावर अपघातात मरू शकतात असं या देशातल्या कंपन्यांना वाटतं की काय? माझं डोकंच फिरलं. तशीच राहुरीला एजंटकडं गेले.

"काका, मेलेल्या माणसाचा विमा काढता तुम्ही? आणि वर तिच्या मरणाचे पैसे घेता?"

"हळू बोल बाई, गिऱ्हाइक बसलंय."

"बसू द्या. त्यांनाही कळू द्या."

एजंटानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझी आई येती दर साली. एसटीनं, एकटी. मी पहिल्याच साली म्हणलो, वहिनी, गाडी नावावर करून घ्या, हे असं चालत न्हाई. तर नको म्हणल्या. मी म्हणलो, निदान ही मालकाची ओळ काढतो, तेवढंच वाचंल. तर म्हणल्या, भाऊ, बाकीचं काय बी काढ, ती ओळ ठेव. आता मी काय करायचं हुतं? तूच सांग, तू शिकलेली हाईस."

तो चुकलाच होता आणि मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. पण येताना एसटीत मला आई दिसत राहिली, खिडकीशी बसलेली, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. मला वाटायचं, हे सगळं अण्णा बघतात.

आई अंगणात शेंगा फोडत होती. मी कागद तिच्यापुढं धरला.

"रेशन कार्डावरनं काढलं तिला," आई म्हणाली. "मतदान यादीतनं काढलं. बँकेनं खातं बंद केलं. दर टायमाला सही माझीच घेतली. माझ्याच हातानं पुसत आले तिला. ह्या एका कागदावर ती हाय आन् तिच्याखाली मी हाय. तुझ्या पत्रकात बसत नसंल तर नको बसू दे."

मला भांडता येतं. अधिकाऱ्यांशी येतं, कंपनीच्या माणसांशी येतं. आईशी येत नाही. शेवटी जे खरं होतं तेच बोलले.

"आई, त्या बाईचं हाड मोडलं असतं तर प्रकरण कोर्टात गेलं असतं. कंपनीचा वकील उभा राहून म्हणाला असता, विमा जिच्या नावावर आहे ती बाई हयात नाही. दर तारखेला हेच म्हणाला असता. नाव घेऊन. आणि त्या बाईच्या हातात काहीच पडलं नसतं."

आई शेंगा फोडत राहिली. टरफलं एकीकडं, दाणे एकीकडं. मग म्हणाली, "हळद लावून आले मी तिच्या हाताला काल. ताईएवढीच असंल." आणि थोड्या वेळानं, "कुठं करायची सही?"

श्रीरामपूरच्या आरटीओत ती सही झाली. गाडी माझ्या नावावर झाली. नवा विमा काढायला मी नगरहून माझ्या मोटारसायकलवर आले आणि आईला मागं बसवून राहुरीला नेलं. एजंटानं आकडा सांगितला.

"कमी कसे झाले?" आईनं विचारलं.

"हिची पहिली गाडी हाय ना, त्या मोटारसायकलवर मालकाची ओळ हाय. म्हणून ह्या दुसऱ्या गाडीवर नको. एका माणसाला ती एकदाच लागती."

हे बरोबर होतं. दुसऱ्या गाडीवर ती ओळ पुन्हा लावून लोकांचे पैसे काढतात, यावर मी एक अख्खं पत्रक लिहिलं आहे.

"एका माणसाला एकदाच मरता येतं," आई म्हणाली. "कळतं की कंपनीला."

एजंटाला वाईट वाटलं असावं. "वहिनी, तुमाला पाहिजे असंल तर लावतो. तुमचं नाव येईल खाली, पहिल्यासारखं."

आईनं झटकन हात पुढं करून टेबलावरचा कागदच दाबून धरला. "न्हाई. हिच्यावर न्हाई लावायची. तिचं काय व्हायचं राहिलं नव्हतं. हिचं सगळं राहिलंय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "त्या मोटारसायकलवर ती ओळ हाय म्हणतोय हा. तिथं खाली कोणाचं नाव हाय?"

"तुझं."

"कधीपासनं?"

"घेतली तेव्हापासून. कायदाच आहे, आई."

 परत येताना मागं बसलेल्या तिच्या हातानं माझा खांदा इतका आवळला होता की मला गिअर बदलताना दुखत होतं. मी वेग कमी केला, तरी पकड सैल झाली नाही. घरी उतरल्यावर ती मोटारसायकलभोवती एकदा फिरली, सावकाश, अनोळखी जनावराभोवती फिरावं तशी. टाकीला हात लावला, टाकी गरम होती म्हणून काढून घेतला.

"ह्याच्यावर येतीस व्हय एवढ्या लांबनं. ट्रॉल्यांमधनं."

मला त्या दिवशी नगरला सभा होती. हेल्मेट माझ्या हातात होतं. आई माझ्याकडं बघत नव्हती. अण्णा गोठ्यातून बघत होते. मी हेल्मेट ओट्यावर ठेवलं आणि एसटी गाठायला पायी निघाले.