सगळ्यांचा हात सारखा

तारमास्तर माणसांची तोंडं विसरायचे, हात विसरत नसत. येडशी स्टेशनात मी मालबाबू होतो, रोज त्यांच्या शेजारी बसायचो, तरी बाजारात गाठ पडली की ओळख न दाखवता पुढं जायचे. पण तारयंत्र कडकट्ट करू लागलं की दुसऱ्या ठोक्याला सांगत, "ह्यो बार्शीचा. आज घरी भांडून आलाय."

"यंत्र समद्यांचं एकच," ते म्हणायचे, "पर बोटाची चाल ज्याची त्याची. तितं माणूस लपत न्हाय."

त्यांचा जीव होता थबक्यावर. हा लाईनीवरच्या एका लहान स्टेशनातला तारमास्तर. शेवटच्या अक्षराआधी त्याचा हात क्षणभर थबकायचा, म्हणून मास्तरांनी ठेवलेलं हे नाव. बारा वर्षं दोघं रोज संध्याकाळी तारेवरून एकमेकांना 'जेवण झालं का' विचारत. भेट एकदाही नाही. रजा मिळायची मारामार, आणि मिळालीच तर मास्तर वही काढून गोष्टी लिहीत बसायचे.

त्यातली एक गोष्ट पुढच्या काळातल्या एका राज्याची होती. तिथं घरोघरी तारयंत्र असतं आणि लोक त्यावरच बोलतात. राजा एक ऐकणारा नेमतो. तो नुसत्या ठोक्यावरून माणूस ओळखतो आणि पकडून देतो. भिऊन लोक एकसारखं वाजवायला शिकतात, आणि शेवटी आईला लेकाचा ठोका ओळखू येत नाही. मी म्हणालो, "मास्तर, असलं राज्य कुठं असतं का?" मास्तर म्हणाले, "मंग आपुन कुठं ऱ्हातोय?"

गोष्ट मला इतकी आवडली की मी तिची नक्कल केली आणि धाराशिवच्या वाचनालयात वाचून दाखवली. मास्तरांना न विचारता. शहाणपणा माझा, भोगलं दुसऱ्यांनी.

रझाकारांचे दिवस होते. त्यांची माणसं कुठल्या गाडीनं कुठं निघाली, याच्या खबरा तारेवरून सरहद्दीपलीकडं जात होत्या. आठवड्याभरात पोलिसांचा अमीन ती नक्कल घेऊन स्टेशनात आला. अक्षर माझं होतं, खाली नाव मास्तरांचं. मास्तरांनी ते पाहिलं आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुमनेच लिखा ना, हाथ पहचानते बोलके?" अमीन म्हणाला. "तो बताओ, खबर कौन देता."

"साहेब, मनची गोष्ट हाय ती."

"आठ दिन देता हूं."

खबर थबक्याच देतो, हे मास्तरांना पहिल्यापासून ठाऊक होतं. अमिनानं पहाऱ्याला बसवलेल्या शिपायासमोरच त्यांनी सगळ्या लाईनीला कळवलं, की आजपासून सगळ्यांनी एकसारखं, सपाट वाजवायचं. शिपायाला ती भाषा कुठली कळायला! आठव्या दिवशी अमीन आला. मास्तर दिवसभर ऐकत बसले आणि म्हणाले, "सगळ्यांचा हात सारखाच हाय, साहेब." अमिनानं अशी थोबाडीत दिली की टोपी रुळावर पडली. मास्तर ती झटकताना हसत होते.

पुढंही लाईन सपाटच वाजत राहिली. सहा महिन्यांनी निजामाचं राज्य गेलं. मास्तरांनी रामलिंगच्या रानातली सीताफळं फडक्यात बांधली आणि मला बरोबर घेऊन थबक्याला भेटायला निघाले. तिथं खुर्चीत विशीतला एक पोरगा बसला होता.

"आधीचे मास्तर?" तो म्हणाला. "त्यांना सहा म्हैन्यामागंच रझाकारांनी नेलं. परत आले न्हाईत."

"हात कुणी वळखला?" मास्तरांनी विचारलं.

"वळखायचं काय त्यात? संशय आला, नेलं."

"मंग रोज सांच्याला माझ्यासंगं कोण बोलत हुतं?"

"मीच की. तुमी जेवण झालं का म्हणायचा, मी झालं म्हणायचो."

सीताफळं तिथंच राहिली. परतीच्या गाडीत मास्तर एवढंच बोलले, "बारा वर्सं वळखत हुतो त्येला. त्यो मेला आन् मला कळलं न्हाय." मला तेव्हा त्यांचे पाय धरायचे होते. धरले नाहीत. आजही त्याची लाज वाटते.

मास्तरांचा हात पुढं सपाटच राहिला. जुनी चाल आठवत नाही म्हणायचे. नोकरी संपली त्या दिवशी त्यांनी सगळ्या लाईनीला रामराम वाजवला. थोड्या वेळानं पुढच्या स्टेशनातून उलट विचारणा आली. मी म्हणालो, "मास्तर, काय म्हणतात?"

"कोण बोलतंय, इचारत्यात," मास्तर म्हणाले, आणि टोपी घालून उठले.