हिरेमठमामांचे हात

हिरेमठमामा कायम दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. लहान मूल जवळ आलं की मागे सरायचे आणि कानडीत पुटपुटायचे, "मुट्टबेड." शिवू नकोस. माणूस अक्कलकोटचा, जंगम. मला वाटलं, म्हातारा सोवळ्यातला असेल.

सोलापूरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात हार्मोनची पावडर बनते. चिमूटभर पावडरीच्या पोतंभर गोळ्या होतात. म्हणून अंगभर सूट, तोंडाला हवेची नळी, सुटल्यावर आंघोळ. हे सगळं नीट होतंय का, ते बघायचं काम मामांचं. मी नवा होतो, घरी तान्ही मुलगी होती. आम्ही सगळेच अंग पुसायला घरचा टॉवेल आणायचो. टॉवेलांच्या गावात कंपनीचे कागदी रुमाल कोण वापरणार? हाताशी असावा म्हणून सूट उतरवायच्या खोलीतच तो खुंटीला अडकवायचा.

एकदा मामांनी आम्हाला न सांगता औषधाच्या जागी निरुपद्रवी पावडर भरली. पाळी संपली, आंघोळी झाल्या. मामांनी दिवे घालवून, ती पावडर ज्यात चमकते तो जांभळा दिवा लावला. साबणानं घासून न्हालेली माणसं, आणि सगळ्यांचे चेहरे हिरवे पेटलेले. ओठ, मान, कानामागची जागा. कोणी हसेना. माझ्या खांद्यावरचा टॉवेल तर नुसता लखलखत होता. सूट उतरवताना उडालेली पावडर त्यावर बसली होती, आणि न्हाऊन मी त्यानंच तोंड पुसलं होतं.

"ह्यो घरी नेतोस की?" मामा अंधारातून म्हणाले.

"धुवायला नेतो."

"पोरीला कशात गुंडाळतोस?"

मी टॉवेल खांद्यावरून ओढून काढला. त्याच टॉवेलात गुंडाळत होतो.

दिवे लागल्यावर मामा माझ्याशेजारी बसले, जरा अंतर ठेवून. "आमच्या वेळंला सूट कुटला? रुमाल बांधायचा, आन तसंच घरी. माजी गिरिजा पळत यायची, उचलून घ्यायचो. चार वर्साची पोर, अंग बाईमाणसावानी भराया लागलं. डॉक्टरनं मलाच इचारलं, कामाला कुटं हाय तुमी?"

"पण आता तर तुमचे हात धुतलेले असतात, मामा."

"दिसत न्हाय म्हंजे गेलं, असं कदी धरू नको."

माझी मुलगी तपासणीत सुखरूप निघाली. तरी किती दिवस मी झोपलेल्या लेकीकडे लांबूनच बघत बसायचो.

परवा मामा गेले. जंगमांना बसवून पुरतात, त्या रीतीप्रमाणे त्यांना बसवलं होतं. कपाळभर विभूती, हात मांडीवर उघडे. ते हात असे समोर मी पहिल्यांदाच बघत होतो. माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. माझं बोट सोडून ती पुढे गेली आणि तिनं त्या तळव्यावर आपला हात ठेवला.

"मुट्टबेड," माझ्याच तोंडून निघालं.

"असू द्या," गिरिजाताई म्हणाल्या. "आता ते मागं सरणार नाहीत."

मग वडिलांचा दुसरा हात त्यांनी आपल्या हातात घेतला.