सुट्टीत बसेल असा दिवस

जुलैत शाळा उघडली की वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे असे. अक्षर चांगलं म्हणून तुमच्याकडे, असं हेडमास्तर म्हणत. खरं तर दुसरं कोणी ते करायला तयार नसे. पुलगावच्या त्या मिडल स्कूलमध्ये मी भूगोल आणि गणित शिकवायचो. पोळा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, दसरा, दिवाळीचे तीन आठवडे, नाताळचा एक. फळ्यावर लिहून झालं की तीच यादी कागदावर उतरवून मी घरी न्यायचो आणि आरशाशेजारच्या खिळ्याला टांगायचो. कोणाच्या लग्नाला जायचं असो की पोरीचे कान टोचायचे असोत, आधी त्या कागदाकडे बघायचं, हा माझा कायदा होता. बायको आरशात बघून कुंकू लावायची तेव्हा तो कागद रोज तिच्या डोळ्यांसमोर असायचा.

नागपूरला तेव्हा हिवाळ्यात एक मोठं प्रदर्शन भरायचं. दिवाळीनंतर ते उभं राहायचं आणि संक्रांत उलटून पंधरा-वीस दिवस झाले की उठायचं. एका रविवारी आमचे ड्रिल मास्तर घरी चहाला आले होते. प्रदर्शनात गेल्या सालापासून विजेवर फिरणारा आकाशपाळणा येतो, दुमजली घराहून उंच जातो, आणि बायाबापड्याही न घाबरता बसतात, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिनं तिथल्या तिथं हट्ट धरला असं मी पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो. आता नीट आठवून पाहतो तर तिनं हट्ट धरलाच नव्हता. ती पाटीवर मांजर काढत होती. कप उचलायला आलेली बायको दाराशी थांबली आणि म्हणाली, "एकडाव पोरीले दाखवून आनू नं."

"नेऊ की," मी म्हणालो आणि पेन्सिल घेऊन यादीपुढे उभा राहिलो.

बायकोचं माहेर केळझरच्या बाजूला. तिथून लग्न होऊन ती पुलगावला आली. त्यापलीकडे तिनं जग पाहिलं होतं ते वर्ध्यापर्यंतचं. नागपूरची गाडी दिवसातून कितीदा तरी आमच्या घरामागून जायची. गाडीच्या आवाजावर ती डाळ शिजायला घालायची आणि मला उठवायची. त्या गाडीत बसण्याचा प्रश्न मात्र कधी आला नव्हता, कारण नागपूरला आमचं काही काम नव्हतं. आणि कामाशिवाय प्रवास करायचा असतो, हे मला भूगोल शिकवूनही कळलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षी दिवाळीची सुट्टी ठरली. पण रोहण्याहून मोठ्या भावाचा निरोप आला की कापूस फुटला आहे, माणसं मिळत नाहीत, सगळे या. आमच्याकडे नोकरी लागून गावाबाहेर गेलेल्यानं सुट्टीत वेचणीला हात लावायचा, ही रीत. तीन आठवडे आम्ही शेतात होतो. बायको पोटाशी कापसाची ओटी बांधून माझ्या पुढच्या ओळीत वेचत असायची आणि माझ्या दुप्पट वेचायची. नागपूरचं नाव तिनं काढलं नाही. मीच एकदा म्हणालो, "पुढच्या साली नक्की," आणि तिनं मान हलवली.

पुढच्या साली मी दिवाळीच्या भानगडीत पडलोच नाही. नाताळची सुट्टी धरली. तो आठवडा माझ्या सहामाहीच्या पेपरांचा असे. आधी पेपर तपासून संपवायचे, मग मजा, असा माझा शिस्तीचा हिशेब. म्हणून मी सुट्टीतला शेवटचा शनिवार निवडला. शनिवारी सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी दिवे लागल्यावर प्रदर्शन पाहायचं, रात्री तिच्या मावसभावाकडे मुक्काम, रविवारी परत, सोमवारी शाळेत हजर. यादीत इतका चपखल बसणारा दिवस मी पुन्हा कधी काढला नसेल.

तो ऐकून बायकोचा चेहरा पडला. शनिवारी पूर्वेला जाऊ नये; दिशाशूल असते. मी नकाशा उघडला. नागपूर आपल्या पूर्वेला नसून ईशान्येला आहे, हे तिला बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, "सूर्य कुटून निंगते?" मी नकाशा मिटला.

वाट तिनंच काढली. आपल्याकडे यावर प्रस्थान ठेवतात. नको त्या वारी निघायचं असलं, तर आदल्या चांगल्या वारी अंगावरचा एखादा कपडा, तांदूळ, सुपारी, हळकुंड असं गाठोडं बांधून वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना ते उचलायचं आणि पुढे जायचं. गाठोडं घरी परत आणायचं नाही आणि मागे सोडून पुढेही जायचं नाही. शुक्रवारी सकाळी तिनं गाठोडं बांधलं आणि स्टेशनच्या वाटेवर राहणाऱ्या, मिलमधल्या एका फिटरच्या बायकोकडे नेऊन दिलं. परत आली तेव्हा ती स्वतःशीच गुणगुणत होती. या प्रवासात कसलंही विघ्न येऊ नये म्हणून तिनं इतकी काळजी घेतली होती. मी हसलो होतो, पण मलाही बरं वाटलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. फिटरच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं की काल संध्याकाळी त्याच्या सासऱ्याचं जास्त झाल्याचा निरोप आला आणि घरचे सगळे होते तसे निघून गेले. गाठोडं आत.

"चल," मी म्हणालो. "गाडीची वेळ झाली."

"अजी, ठेवलेलं प्रस्थान सोडून कसं जाव?"

"नागपूर पाहायले आपन चाललो का तुहं गाठोडं?"

ती सरळ फिटरच्या पायरीवर बसली. मुलगी नवा फ्रॉक सांभाळत तिच्याशेजारी बसली. मी तरातरा स्टेशनच्या दिशेनं शंभरेक पावलं गेलो, थांबलो, परत आलो. गाडी आली, थांबली, सुटली, हे सगळं आम्हाला तिथं बसून ऐकू आलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. आमचं विघ्न आम्ही स्वतः हातानं बांधून कुलपात ठेवलं होतं.

मी घरी येईपर्यंत बडबडत होतो. दार उघडता उघडता ती शांतपणे म्हणाली, "फिटरच्या वैनी सोमवारी-मंगळवारी येतीन. मंग बुधवारी जाऊ. एक दिवस रजा नाई टाकता येत काय?"

आता हे लिहिताना मला माझा आवाज ऐकू येतो. मी म्हणालो, "कापूस वेचायले पोरं घरी ठेवते म्हनून मी लोकायच्या दारात जाऊन भांडतो. अन् माह्याच पोरीची गैरहजेरी लावू? झुल्यासाठी?"

यात खोटं काही नव्हतं. मी खरंच भांडायचो. वेचणीच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा असे आणि मी संध्याकाळी सायकलवर घरोघर जाऊन बापांना झापायचो. पाच वर्षांत मी एकही रजा घेतली नव्हती, आणि त्याचा मला केवढा तोरा होता. पण लोकांना शिकवायचं तत्त्व मी घरात एका बाईच्या तोंडावर फेकलं होतं, जिनं आयुष्यात माझ्याकडे पहिल्यांदा एक दिवस मागितला होता. ती "बरं" म्हणाली आणि चुलीकडे गेली. त्या "बरं"चा अर्थ मी होकार असा घेतला.

गाठोडं बुधवारी मुलगी घेऊन आली. बायको विहिरीवर होती, म्हणून मी ते सोडलं. मला वाटलं होतं मुलीचा फ्रॉक असेल, किंवा माझा सदरा. घरच्या कर्त्याचं काही ठेवतात म्हणे. आत फक्त तिचं हिरवं लुगडं होतं, लग्नातलं, आणि तिची चोळी. प्रस्थान ज्याला जायचं त्याचं ठेवतात. मी ते पुन्हा होतं तसं बांधलं आणि कोनाड्यात ठेवलं. समजलं होतं, पण समजलं असं तिला सांगितलं नाही. मास्तरला चूक कबूल करायची सवय नसते.

तिसऱ्या वर्षी मी काहीही चुकू द्यायचं नाही असं ठरवलं. पेपर रात्री जागून सुट्टीआधी संपवले. मंगळवार निवडला, ज्यात पूर्वेचं शूल नव्हतं. भावाला आधीच कळवून टाकलं की नाताळात येणार नाही. आणि ऐन हिवाळ्यात बायकोला सातवा महिना लागला. अशा दिवसांत गाडीचे धक्के नकोत आणि पाळण्याचं तर नावच नको, असं शेजारपाजारच्या सगळ्या बायांनी एका सुरात सांगितलं.

"मंग राहू दे. पुढच्या साली तिघं, चौघं जाऊ," मी म्हणालो.

"नाई," ती म्हणाली. "तुमी अन् पोरगी जा. सुट्ट्या दरसाल येतीन. पोरगी दरसाल एवढी राहीन काय?"

आम्ही दोघं गेलो. मुलगी पाळण्यात बसली, मी तिच्याशेजारी. पाळणा वर जायला लागला तसे मी डोळे गच्च मिटले आणि तो थांबेपर्यंत उघडले नाहीत. मुलीनं ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, हे तिचे उपकार. घरी आलो तेव्हा बायको सुपात गहू निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवून तिनं मुलीला समोर बसवलं. आधी जमीन हलते की पाळणा? वर थांबवतात काय? वारा थंड होता? खाली येतानी पोटात कसं वाट्टे? मुलगी म्हणाली, "पोट वरच राह्यते अन् आपन खाली येतो." बायकोनं ते तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "वरून काय काय दिसलं?" मी म्हणालो, "बरंच काही." मला सांगता येण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं.

नंतर मुलगा झाला, दोन वर्षांनी आणखी एक. मधल्या काळात राज्य बदललं, आम्ही मध्य प्रदेशातले मुंबई राज्यात गेलो, सुट्ट्यांची यादी नव्यानं आली आणि मी ती नव्या पुठ्ठ्यावर चिकटवली. दर हिवाळ्यात मी म्हणायचो, यंदा बघू. कधी धाकट्याला गोवर, कधी भावाकडे लग्न, कधी तपासणीसाठी साहेब येणार म्हणून सुट्टीतही शाळा. ती विचारायची बंद झाली होती, आणि ती विचारत नाही हे मला सोयीचं वाटायचं. आज ती नाही. आता मला रजाच रजा आहे. घरामागून गाडी गेली की मी अजून उठून बसतो आणि कोणीतरी चुलीवर डाळ टाकेल असं क्षणभर वाटतं.

राज्य बदलल्यावर तीनेक वर्षांनी, एका संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दुपारची वेळ. पुढच्या खोलीत आठ-दहा बाया बसल्या होत्या आणि मी आतल्या खोलीत वह्या तपासत होतो. कोणीतरी प्रदर्शनाचा विषय काढला. तिचा नवरा तिला घेऊन गेला होता आणि पाळण्याला घाबरून ती खालीच उभी राहिली, असं ती सांगत होती.

"घाबराचं काय त्यात," माझ्या बायकोचा आवाज आला. "मी बसली नं. पह्यले वाट्टे आता पडतो का काय. मंग वर गेलं का मोकळं मोकळं लागते. वरून मले रेल्वेची लाईन दिसली, इकडे आपल्या पुलगावाकडे येनारी. मी म्हटलं, आपलं घर त्याच लाईनीले हाय."

माझा हात थांबला. रेल्वेच्या लाईनीचं मुलीनं कधीच सांगितलं नव्हतं. मुलगी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, वाण वाटत होती. ती दारातून आत माझ्याकडे बघत होती.

"खरंच काय मास्तर?" एका बाईनं पुढच्या खोलीतून विचारलं. "तुमी बसवलं यायले त्या झुल्यात?"

मी वहीतून मान वर केली. "हाव," मी म्हणालो. "माह्या बाजूलेच बसलती."

बाया गेल्या. बायको हळदीची कोयरी पुसत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. शेवटी म्हणालो, "प्रदर्शन अजून उठलं नाई. मी उद्या रजा टाकतो. आपन दोघंच जाऊ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखाद्या चुकून उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं, आणि हसली.

"आता कायले?" ती म्हणाली. "मी जाऊन आली नं."