नखानं जुळवलेली अक्षरं
गोळ्यांची पट्टी चुरचुरली की तेलगावचं ते जेनेरिक औषधांचं दुकान आठवतं. माझ्या वडिलांची, अण्णांची, नेहमीची बीपीची गोळी कुठंच मिळत नव्हती आणि दुकानदारानं पुढं केलेली दुसऱ्या नावाची साधी पट्टी बघून ते भडकले. "नाव येगळं हाय, मला न्हाई पायजे," म्हणत पायरी उतरले. इंग्रजी न येणाऱ्या आईनं पिशवीतून जुनी रिकामी पट्टी काढली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि गोधडीचे टाके बघावेत तशी मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं नखानं एकेक जुळवली. "खालची अक्षरं सारखी, आकडा बी तोच. मग औषध येगळं कसं?" दुकानदार उठून उभाच राहिला. "मावशी, एकदम बरोबर! औषधाचं खरं नाव खालीच असतं." अण्णा पायरी परत चढले. आज मी फार्मसी शिकवते. पहिल्या तासाला पुस्तक उघडत नाही, दोन पट्ट्या टेबलावर ठेवते आणि म्हणते, नखानं जुळवा.